काप्रा, झुकाव्ह, फाइनमन की रोव्हेली? अध्यात्माची ओढ असलेल्यानं भौतिकीचं कोणतं पुस्तक उचलावं

सोलापुरात हा प्रश्न विचारणारा माणूस ओळखीचा असतो. बी.एस्सी. झालेला, पण नोकरी बँकेत किंवा शाळेत गेलेली. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण, संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजेरी. आता निवृत्त झाल्यावर क्वांटम म्हणजे नेमकं काय, हे एकदाचं समजून घ्यायचंय. त्याच्या मोबाइलवर अधूनमधून जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या नटराजाचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं की शास्त्रज्ञांनी शेवटी मान्य केलं. ‘म्हणजे आपल्याकडं हे आधीच ठरलं होतं की ओ!’

नटराज खरा आहे. सर्नशी असलेल्या सहकार्याची खूण म्हणून भारतानं 2004 साली तो भेट दिला. त्यानं कुठला सिद्धांत सिद्ध झाला, असं सर्ननं म्हटलेलं नाही. शेजारच्या फलकावर मात्र फ्रिट्जॉफ काप्रा यांचे शब्द आहेत, आणि बऱ्याच जणांना ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ हे नाव तिथूनच कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच पुस्तक घेणार असाल तर कार्लो रोव्हेली यांचं ‘हेल्गोलँड’ घ्या. डोक्याला ताण द्यायची तयारी असेल तर रिचर्ड फाइनमन यांचं ‘क्यूईडी’ (प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या क्वांटम सिद्धांतावरचं) घ्या, त्याला तोड नाही. काप्रा जरूर वाचा, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. कारण सांगतो.

काप्रा स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, व्हिएन्ना विद्यापीठाचे डॉक्टरेट. पुस्तक 1975 चं. समुद्रकिनारी बसलेले असताना सारं विश्व शिवाच्या नृत्यासारखं दिसल्याचा अनुभव त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलाय, आणि तो लिहिलाय सुंदर. पुढे तीन भाग आहेत. आधी भौतिकी, मग हिंदू, बौद्ध, चिनी, ताओ आणि झेन विचारांची ओळख, आणि शेवटी दोन्हींतली साम्यस्थळं. सापेक्षता आणि क्वांटमची प्रकरणं आजही वाचनीय आहेत. हिंदू विचाराला एकच प्रकरण आहे, त्यामुळे पारायण करणाऱ्याला त्यात नवं फार मिळणार नाही.

अडचण शेवटच्या भागात आहे. कोणताच कण मूलभूत नाही, प्रत्येक कण बाकीच्या सगळ्यांनी मिळून बनलाय, अशी ‘बूटस्ट्रॅप’ नावाची कल्पना बर्कलीचे जेफ्री च्यू तेव्हा मांडत होते. ‘सर्व सर्वांत आहे’ या पौर्वात्य विचाराशी ती इतकी छान जुळते की काप्रांनी आपला युक्तिवाद तिच्यावरच उभा केला. पण नोव्हेंबर 1974 मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांत जे-साय हा कण सापडला आणि क्वार्कची, म्हणजे प्रोटॉनसारखे कण आणखी लहान मूलभूत कणांचे बनलेत या म्हणण्याची, बाजू एकदम बळकट झाली. 1973 मध्येच क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचा सिद्धांत पुढे आला होता, त्याला पुढे 2004 चं नोबेल मिळालं. म्हणजे पुस्तक दुकानात आलं तेव्हाच त्यातली जुळणी भौतिकीच्या बाजूनं निसटायला लागली होती. नंतरच्या आवृत्त्यांत काप्रांनी पुरवण्या जोडल्या, पण बूटस्ट्रॅपचा हात सोडला नाही.

मला खटकतं ते इथंच. उपनिषदांना त्या वर्षीच्या सिद्धांताची साक्ष काढली, तर सिद्धांत मागे पडल्यावर उपनिषदंही मागे पडली म्हणायची का? कोणी तसं म्हणणार नाही. मग ती साक्ष मुळात साक्ष नव्हतीच. दोन चादरींवर मोर सारखाच दिसतो म्हणून त्या एकाच मागावर विणल्या, असं सोलापूरच्या पूर्व भागातला विणकर तरी म्हणणार नाही.

गॅरी झुकाव्ह यांचं ‘द डान्सिंग वू ली मास्टर्स’ (1979) याच वाटेवरचं. हे गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हेत. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात एसालेन इथं भरलेल्या एका परिषदेतून हे पुस्तक निघालं. भाषा काप्रांपेक्षा सोपी आहे, प्रयोग जास्त नीट उलगडलेत आणि शेवटी लांबलांबच्या कणांतल्या मेळाविषयीच्या बेलच्या प्रमेयापर्यंत नेऊन सोडलंय. मात्र त्या प्रमेयाची कसोटी घेणारे 1982 चे आस्पे यांचे प्रयोग यात असणं शक्य नव्हतं, आणि गुंतलेल्या कणांविषयीची जी नीट समज पुढे आली, तीही नाही. दोन गुंतलेले कण कितीही लांब असले तरी त्यांच्या मापनांत ठरावीक मेळ दिसतो. त्यावरच्या प्रयोगांना 2022 चं नोबेल मिळालं. पण त्या मेळाचा वापर करून प्रकाशापेक्षा जलद निरोप धाडता येत नाही. टेलिपथीवाले नेमकं हेच वाक्य गाळतात. काप्रा घेणार असाल तर झुकाव्ह घ्यायची गरज नाही.

आता फाइनमन. सामान्य श्रोत्यांपुढे दिलेल्या चार व्याख्यानांचं हे पुस्तक, 1985 चं. अध्यात्म नावालाही नाही. तरी चारही पुस्तकांत खरं थक्क करणारं हेच, असं माझं मत. सुरुवात साध्या काचेपासून होते. काचेच्या एका पृष्ठभागावरून प्रकाशाचे शंभरातले सुमारे चार फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, परत येतात. मग काचेला खालचाही पृष्ठभाग असतो म्हटल्यावर आठ यायला हवेत ना? येत नाहीत. काचेची जाडी थोडीथोडी वाढवत गेलात तर परतणाऱ्यांचं प्रमाण शून्यावरून सोळापर्यंत चढतं, पुन्हा शून्यावर उतरतं, पुन्हा चढतं. वरच्या पृष्ठभागावर आलेल्या फोटॉनला खाली काच किती जाड आहे हे कळतं कसं?

फाइनमन म्हणतात, कसं कळतं ते विचारू नका, हिशेब कसा करायचा ते शिका. प्रत्येक शक्यतेसाठी कागदावर एक बाण काढायचा. वरच्या पृष्ठभागाचा बाण 0.2 लांबीचा, खालचाही साधारण तेवढाच, आणि जाडीप्रमाणे त्याची दिशा फिरते. दोन्ही बाण जोडायचे आणि येणाऱ्या लांबीचा वर्ग करायचा. बाण एकाच दिशेला असले तर 0.4 चा वर्ग 0.16, म्हणजे शंभरात सोळा. उलट दिशेला असले तर शून्य. झालं. पावसाळ्यात सात रस्ता चौकातल्या डबक्यात तेलाचा तवंग रंगीत दिसतो, त्याचाही हिशेब हाच. शाळेतला भूमितीचा कंपासबॉक्स पुरतो. निसर्ग असा का वागतो हे मलाही समजत नाही, असं ते सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात, आणि मग शेवटपर्यंत तुम्हाला फसवत नाहीत. इंग्रजी बोलीतलं आहे, वाक्यं छोटी आहेत. फक्त चौथं व्याख्यान थोडं जुनं झालंय. तेव्हा टॉप क्वार्क सापडायचा होता, तो 1995 मध्ये सापडला.

पण अध्यात्माची ओढ असलेल्याला फाइनमन कोरडे वाटतात, हेही खरं. बाण काढून झाल्यावर तो विचारतो, ‘मग याचा अर्थ काय?’ त्या प्रश्नासाठी रोव्हेली.

‘हेल्गोलँड’ मूळ इटालियनमध्ये 2020 साली आलं. जून 1925 मध्ये तेवीस वर्षांचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग परागकणांच्या त्रासापासून सुटका म्हणून उत्तर समुद्रातल्या एका उघड्याबोडक्या बेटावर गेला. तिथं त्याला क्वांटम सिद्धांताची वाट सापडली, तिथून गोष्ट सुरू होते. रोव्हेलींचं म्हणणं असं की कणाचे गुणधर्म त्याच्या एकट्याच्या अंगी नसतात, दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येतो तेव्हाच ते असतात. हे ऐकून अनेकांनी त्यांना विचारलं, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन वाचलाय का? म्हणून त्यांनी वाचला. त्याच्यावरचा भाग या पुस्तकाचा जीव आहे. कोणत्याच वस्तूला स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही, ही नागार्जुनाची शून्यता त्यांना विचार करायला उपयोगी पडली. पण नागार्जुनाला क्वांटम ठाऊक होतं, असा दावा ते करत नाहीत. भौतिकीनं शून्यता सिद्ध केली असंही नाही. तत्त्वज्ञाकडून विचार करायची रीत घ्यायची, प्रमाणपत्र मागायचं नाही. काप्रा आणि रोव्हेली यांच्यातला फरक मला इथं दिसतो. एक उणीव आहे. हा अर्थ रोव्हेलींचा स्वतःचा, 1996 पासून ते मांडत आलेत. क्वांटमचा अनेक विश्वांचा अर्थ किंवा डेव्हिड बोम यांनी लावलेला अर्थ मानणारे भौतिकशास्त्रज्ञही आहेत, आणि त्यांची बाजू या पुस्तकात घाईत उरकलीय.

चौघांपैकी कोणालाही हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की असू द्या. क्वांटममधलं ‘निरीक्षण’ म्हणजे माणसाचं मन नव्हे. फोटो उमटवणारी काच किंवा कण टिपणारं शोधक यंत्र पुरतं, खोलीत कोणी नसलं तरी. मन लागतं असं भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी 1961 मध्ये सुचवलं होतं, नंतर त्यांनीच ते सोडून दिलं. चांगदेव पासष्टीत ज्ञानेश्वर द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मावळण्याविषयी बोलतात. ते आत्म्याविषयी, पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच स्वरूपाविषयी आहे. तिथं यंत्र ठेवून भागणार नाही. पासष्ट ओव्यांच्या त्या पत्राला क्वांटमच्या दोन फटींच्या प्रयोगाचा (कण दोन फटींतून सोडून पडद्यावरचा नमुना बघायचा) आधार द्यायला गेलात तर ओवीही समजत नाही आणि प्रयोगही. सिद्धरामेश्वरांच्या वचनांचंही तेच. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेनं वचनं लिहिणारा, तळं खोदणारा हा माणूस आपल्या गावचा. त्याला समजून घ्यायला कन्नड येणारा शेजारी जास्त उपयोगी.

क्वांटमचं मूळ समीकरण मांडणाऱ्या श्रोडिंगरचं उदाहरण लोक हमखास काढतात, म्हणून तेवढं सांगतो. त्यांना वेदान्ताची ओढ होती, 1944 च्या ‘व्हॉट इज लाइफ’च्या शेवटी आत्मा-ब्रह्म ऐक्याचा उल्लेखही आहे. पण ती ओढ 1926 च्या त्या समीकरणाच्या आधीची, जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअर वाचून लागलेली. समीकरणातून वेदान्त निघतो असं सिद्ध करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

इंग्रजी जड जात असेल तर यातलं काहीच ओढूनताणून वाचू नका. जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मराठीत आहे. त्यात क्वांटम फारसं नाही, विषय खगोलाचा आहे, पण एखादी गोष्ट कळली कशी हे ते ज्या पद्धतीनं सांगतात, तिची सवय लागली की पुढची पुस्तकं सोपी जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी विचारून बघा.

ज्यांना दोन पुस्तकं परवडतात त्यांनी ‘क्यूईडी’ची पहिली दोन व्याख्यानं, मग ‘हेल्गोलँड’, असा क्रम ठेवावा. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाता-येता रोव्हेली बराच वाचून होतो. फाइनमन गाडीत नको, त्याला टेबल आणि पेन्सिल लागते. काप्रा तिसरा, आणि तोही नंतरची, पुरवण्या असलेली आवृत्ती बघून घ्या.