व्यसनमुक्तीनंतरचे ‘पॅकेज’ आणि आमचे ४८,००० रुपये

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की घरच्यांची खरी धास्ती तेव्हा सुरू होते. केंद्रात वेळापत्रक असते, समुपदेशक असतात, दाराला कुलूप असते. घरी आल्यावर तोच नाका, तेच मित्र आणि पगाराची तीच तारीख समोर उभी राहते. या धास्तीवर पोट भरणारे लोक आहेत, आणि माझे यजमान दारू सोडून परतल्यावर त्यांच्यापैकी एकाने आमच्याकडून ४८,००० रुपये उकळले. तक्रार चालू असल्यामुळे नाव देत नाही, पण पद्धत सविस्तर सांगते, कारण ती आमच्या नाशिकपुरती आहे असे मला वाटत नाही.

फोन मला आला, यजमानांना नव्हे. अशी माणसे व्यसनी व्यक्तीला गाठत नाहीत, तिच्या बायकोला किंवा आईला गाठतात, कारण पैसे काढून द्यायला त्याच तयार असतात. “वहिनी, केंद्राने दारू सोडवली, पण शरीरात मुरलेले विष कोण काढणार?” हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता आणि पुढचे सगळे दुकान त्याच प्रश्नावर उभे होते. वास्तविक शेवटच्या घोटानंतर साधारण दिवसभरात दारू शरीरातून निघून जाते. धोका असतो तो त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत, हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे यांचा; आणि तो काळ आमच्याकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि जीवनसत्त्व बी-१ देऊन केव्हाच पार पडला होता. महिन्याभरानंतर धुऊन काढण्याजोगे काही उरत नाही. उरते ती ओढ, तुटक झोप, चिडचिड आणि वर्षानुवर्षांची सवय, आणि त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

‘पूरक उपचारांचे पॅकेज’ असे त्या योजनेचे नाव होते. त्यात कानावरील बिंदूंचे उपचार, सुगंधी तेलाचा मसाज, धातूच्या वाडग्यांचा नाद, पाय बुडवून ‘विषनिचरा’, योगासने आणि शक्तिवर्धक औषध असे सगळे होते. पत्रकावर ‘१०० टक्के खात्री’ मोठ्या टाइपात होते. पावतीवर मात्र ‘वेलनेस सदस्यत्व, परतावा नाही’ एवढेच लिहिलेले होते, उपचार हा शब्दच नव्हता. पावती वाचली तर अर्धी गोष्ट कळते. सुरुवातीला हातात धातूची कांडी धरायला लावून संगणकातून एक जाडजूड अहवाल काढण्यात आला, ज्यात यकृतापासून ‘दारूच्या ओढी’पर्यंत सगळ्यांचे टक्के होते. कांडी धरण्याआधी वय, उंची आणि वजन संगणकात भरून घेतले होते. तळहातातल्या कांडीवरून यकृताची स्थिती कळत असती तर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा केव्हाच बंद पडल्या असत्या.

पाय बुडवण्याचा प्रकार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण भल्याभल्यांचा विश्वास तिथेच बसतो. कोमट पाण्याच्या टबात मीठ घालतात, मध्ये तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र सोडतात आणि रुग्णाला पाय बुडवून अर्धा तास बसवतात. हळूहळू पाणी पिवळट, मग विटकरी, मग चहाच्या चोथ्यासारखे होते आणि वर फेसाची साय धरते. “हे यकृतातले, हे मूत्रपिंडातले,” असे म्हणत तिथली मुलगी रंग दाखवत जाते. यजमान ते पाहून गप्प झाले होते; आपल्या आत एवढी घाण होती, या विचाराने त्यांना अपराधी वाटत होते. आयटीआयला शिकणाऱ्या आमच्या भाच्याने हे ऐकले आणि घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लॅस्टिकचे भांडे मांडले: मिठाचे पाणी, दोन लोखंडी खिळे आणि जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर. पाय कोणाचेच नव्हते. थोड्याच वेळात पाणी तसेच विटकरी झाले, तसाच फेस आला आणि पोहण्याच्या तलावावर येतो तसा क्लोरिनचा उग्र दर्प सुटला. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यकृताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पुढच्या वेळी आम्ही त्या पॅकेजवाल्यांना पाय न बुडवता टबात यंत्र चालवून दाखवा असे म्हटले, तेव्हा यंत्र बिघडल्याचे उत्तर मिळाले.

एवढ्यावर थांबले असते तर नुकसान पैशांचेच झाले असते. पण दोन गोष्टी अशा घडल्या की ज्यांनी जिवावर बेतले असते, आणि हे लिहिण्याचे खरे कारण त्याच आहेत. पहिली म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांनी ओढ कमी करण्यासाठी चालू केलेली नाल्ट्रेक्सोनची गोळी ‘इंग्रजी औषधाने यकृत जाते’ असे सांगून बंद करायला लावली गेली, आणि त्याऐवजी शक्तिवर्धक म्हणून एका अरिष्टाची, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदिक काढ्याची, बाटली देण्यात आली. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत मुळातच मद्यार्क असतो. बाटलीवर बारीक अक्षरांत त्याचे प्रमाण छापलेलेही असते. इतरांना ते औषध असेल. पण दारू सोडलेल्या माणसाच्या हाती सकाळ-संध्याकाळ ते देणे म्हणजे त्या चवीची पुन्हा ओळख करून देणे होय. यजमानांनी स्वतःच वासावरून ते ओळखले आणि बाटली माझ्यासमोर आणून ठेवली, हे त्यांचे कौतुक मला इथे नोंदवलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. “मध्येच घसरले तर असावी,” म्हणून मला कागदाच्या पुड्यांमध्ये पांढरी भुकटी देण्यात आली, आणि ती त्यांना न सांगता आमटीत मिसळावी असे सुचवण्यात आले. पुडीवर नाव, घटक, उत्पादकाचा पत्ता, मुदत यांपैकी काहीही नव्हते. मी ती वापरली नाही, डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहिते: अशा गुप्त पुड्यांबाबत डॉक्टरांना पहिली शंका डायसल्फिरम या दारू सोडवण्याच्या औषधाची येते. दारूचे शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड होते आणि एरवी ते पुढे विघटित होऊन जाते. डायसल्फिरम हा पुढचा टप्पा अडवते. मग वर थोडी जरी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, छातीत धडधड होते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, आणि हृदयविकार असणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणूनच हे औषध रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. खोकल्याच्या काही औषधांतला मद्यार्कसुद्धा त्याला पुरतो. एका हाताने अरिष्ट आणि दुसऱ्या हाताने ती भुकटी देणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, की कळूनही पर्वा नव्हती, हे ठरवणे मी वाचकांवर सोडते.

यावरून पूरक उपचार म्हणजे सगळेच थोतांड, असा अर्थ मात्र काढू नये. आमच्या डॉक्टरांनीही तो काढला नाही. कानाच्या पाच बिंदूंवर सुया लावण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील लिंकन रुग्णालयात १९७०च्या दशकात रूढ झाली, आणि तिचा प्रसार करणारेही ती समुपदेशन व वैद्यकीय उपचारांच्या सोबतीने वापरावी असेच सांगतात. योगासने, प्राणायाम, भजन, रोज संध्याकाळचे चालणे यांनी झोप सुधारते आणि दारूच्या वेळेचा रिकामा तास भरून निघतो, हे आम्ही घरात पाहतो आहोत. गंमत अशी की यातल्या खरोखर उपयोगी गोष्टी जवळपास फुकट मिळतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभांना आजही शुल्क नसते, ज्याला जमेल तो चार पैसे ठेवतो. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराचीही फी घेत नाहीत. पण दहा दिवसांचे मौन नुकतीच दारू सोडलेल्या प्रत्येकाला पेलेलच असे नाही, म्हणून अर्जात व्यसनाची आणि औषधांची माहिती लपवू नये आणि डॉक्टरांना विचारूनच जावे. पैसे आधी, परतावा नाही आणि शंभर टक्के खात्री, असे तिन्ही एकत्र दिसले, आणि त्यावर डॉक्टरची गोळी बंद करायचा सल्ला मिळाला, की तिथून उठून निघावे.

आमच्या तक्रारीचे सांगायचे तर लेखी नोटीस दिल्यावर १५,००० रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे दाखल शुल्क लागत नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्जासह दिल्या आहेत. औषधे आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, त्यामुळे पत्रक, पावती, फोनवरचे संदेश आणि पुडीचा कागद यांतले काहीही फेकून देऊ नये. तक्रार कशी करावी हे कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारता येते, आणि व्यसनमुक्तीबद्दलची माहिती १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.