४ बाय २ चा एचडीपीई ग्रो बेड: विदर्भ-खानदेशच्या उन्हात मिरचीला कितपत चालतो?

ग्रो बेड म्हणजे एचडीपीईच्या, विणलेल्या प्लास्टिकच्या कापडाची आयताकृती पिशवी, गच्चीवरचा तयार वाफाच. पिशवी चांगली आहे, तिच्यासोबत मिळणारा हिशोब चुकीचा आहे. वेष्टनावर ‘१० ते १२ झाडं’ असं दिसलं तर ते सरळ विसरा. ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि १ फूट उंच वाफ्यात मिरचीची सहा झाडं बसतात: दीड फुटाच्या अंतराने तीन-तीनच्या दोन ओळी, समोरासमोर न लावता तिरप्या. बारा लावली तर मार्चपर्यंत दृश्य छान दिसतं. एप्रिलमध्ये त्याच मातीतून दुप्पट पाणी ओढलं जातं आणि दाटीत फुलकिडे घर करतात.

हा आढावा नागपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यातल्या गच्चीसाठी आहे. पुणे-नाशिककरांना यातला बराच त्रास होणार नाही.

आधी कापड. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) खालचं घेऊ नका. विणलेल्या कापडावरचा प्लास्टिकचा थर नखाने सुटतो का ते कोपऱ्यावर बघा, आणि शिवण नीट तपासा. उन्हाने कापड पिचू नये म्हणून केलेली यूव्ही प्रक्रिया कापडावर असते, पण शिवणीचा दोरा बहुतेकदा साधा असतो आणि आधी तोच पिचतो. मातीच्या वर उघडी राहिलेली कडही लवकर तडकते, म्हणून ती बाहेर दुमडून घ्या. बाजूंना पीव्हीसी पाइप घालायच्या नळ्या असलेला प्रकार मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. पाइप नसेल तर पहिल्या पाण्यालाच लांब बाजू पोट सुटल्यासारखी फुगते आणि कडेची झाडं बाहेर कलतात.

रंगाचा प्रश्न त्याहून मोठा. बाजारात गडद हिरवा आणि काळाच जास्त. मे महिन्यात दुपारी तीनला अशा वाफ्याच्या पश्चिम बाजूला तळहात टेकवून बघा, दोन सेकंद ठेववत नाही. आतली मुळं त्याच भिंतीला चिकटून असतात. पांढरा मिळाला तर उत्तम. नाहीतर पश्चिम आणि दक्षिण बाजूला ओलं गोणपाट बांधा किंवा कुंड्यांची एक रांग आडवी लावा. वाफा थेट स्लॅबवर ठेवू नका, खालून चार इंच हवा खेळली पाहिजे. चार विटांवर ठेवला तर मध्ये झोळ पडतो. लाकडी पॅलेट बरं.

वजनाबद्दल विक्रेता बोलत नाही. दहा इंच भरण म्हणजे साधारण १९० लिटर, आणि ओलं झाल्यावर ते सहज दोनशे किलोच्या वर जातं. म्हणजे चौरस मीटरला पावणेतीनशे किलो. वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. एखाद-दुसऱ्या वाफ्याने छत कोसळत नाही, पण वाफे बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेत ठेवा, खोलीच्या मधोमध नाही. चारपेक्षा जास्त ठेवायचे असतील तर आधी इंजिनिअरला विचारा.

सोबत मिळणारं ‘तयार मिश्रण’ घेऊ नका. त्यात बहुधा कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असतं, आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. रोपांच्या पानांची टोकं करपली की तो उन्हाचा चटका समजून लोक आणखी पाणी घालतात. भरण घरीच करावं: ७५ लिटर लाल किंवा पोयट्याची माती, ५५ ते ६० लिटर भिजवलेलं कोकोपीट (पाच किलोची वीट पुरून उरते, दोनदा पाण्यात भिजवून निथळून घ्या), तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर एक किलो निंबोळी पेंड. या सगळ्याला पिशवीपेक्षा जास्त खर्च येतो, हे आधीच धरून चाला. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरू नका. ती वाळली की आकसते, पिशवीच्या कडेने बोटभर भेग पडते, आणि दिलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी गळताना दिसतं, मुळं मात्र कोरडी.

आता छिद्रं. बहुतेक वाफ्यांना ती तळाला नसतात, बाजूला असतात, तळापासून इंचभर वर. त्यामुळे खाली इंचभर पाणी साठून राहतं. एप्रिलमध्ये हे वरदान आहे, दुपारी झाड माना टाकत नाही. तीच रचना जुलैमध्ये घात करते. झड लागली की तळ डबकं होतो, मूळकुज लागते आणि माती ओली असूनही झाड सुकतं. ते बघून कोणी पाणी घातलं तर संपलंच. उपाय सोपा आहे: मृग लागायच्या आधी तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाच्या कडेला सहा-आठ भोकं पाडा. कात्रीने कापू नका, विणीचे धागे सुटत जातात. तापलेल्या टोकाने कड वितळून बंद होते. ही भोकं कायमची राहणार, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पाणी थोडं वाढवावं लागेल.

पाण्याचा अंदाज: भर मे महिन्यात सहा झाडांना दिवसाला १० ते १२ लिटर. तासाला दोन लिटरचा एक ड्रिपर प्रत्येक झाडाला लावला तर सकाळी अर्धा तास आणि सूर्य कलल्यावर अर्धा तास. काळ्या नळीत दुपारी साठलेलं पाणी अक्षरशः कढत असतं, म्हणून संध्याकाळी आधी नळीचं टोक उघडून ते सोडून द्या. मातीवर दोन इंच वाळलेल्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन हवंच.

शेडनेट ५० टक्क्यांची, मार्चअखेरपासून मृगाच्या पावसापर्यंत, झाडाच्या शेंड्यापासून किमान दोन फूट वर. ७५ टक्क्यांची लावली तर झाडं सावलीत लांबतात आणि फुलं कमी येतात. एवढं करूनही मे महिन्यात फूलगळ होणारच. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही पारा २४-२५ च्या खाली येत नसेल तर परागकण निकामी होतात. यात पिशवीचा दोष नाही, खताचाही नाही. त्या काळात नत्र वाढवू नका. मेअखेर झाड एक तृतीयांश छाटा, पहिल्या पावसानंतर नवी फूट येते.

जानेवारीच्या सुरुवातीला बी टाकून फेब्रुवारीत रोपं वाफ्यात आली तर एप्रिलचे तोडे हाती लागतात. ज्वाला, लवंगी किंवा फुले ज्योती अशा बारीक मिरच्या उन्हात जास्त तग धरतात. ढोबळीचा हट्ट असेल तर ऑगस्टअखेर बी, ऑक्टोबरमध्ये लागवड. उन्हाळ्यात ढोबळी म्हणजे पैसा वाया. तिच्या फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो रोग नसतो. पाणी कधी जास्त, कधी कमी झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. आधी पाण्याची वेळ सुधारा, मग लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट फवारा.

बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळणं, ओळखताना पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी ही बारीक कीड. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क, कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक. पण पारा ३५ च्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावरच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रंगाचा गेला, एक छिद्रांचा. कापडी, हवा खेळणाऱ्या पिशव्या घ्याव्यात का, असा प्रश्न नेहमी येतो. कोकणात चालतील. आपल्याकडे मार्चपासून कोरडी हवा त्यांच्या चारही बाजूंनी पाणी शोषून नेते. पीक निघाल्यावर त्याच भरणात वांगी-टोमॅटो लावू नका, दोन्ही मिरचीच्याच कुळातली. मेथी किंवा चवळी घ्या, आणि खाली बसलेले दोन-तीन इंच शेणखताने भरून काढा.