क-ख-ग-घ की क-म-ल?

मुलाला वाचायला शिकवायच्या दोन रीती. पहिली वर्णमालेची: घरी भिंतीवर तक्ता असतो, ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत. मूल तो गाण्यासारखा घडाघडा म्हणतं. पाहुण्यांसमोर तर हमखास. पण बोट अधल्यामधल्या अक्षरावर ठेवा, बहुतेक वेळा ते पुन्हा ‘क’पासून सुरू करतं. क, ख, ग, घ, ङ एवढी शिकून वाचायला मिळतं काय? ‘ङ’ने तर शब्दच सुरू होत नाही. ‘ण’ची तीच गत, म्हणून बिचारा ‘बाणाचा’.

दुसरी रीत अक्षरगटाची. आधी फक्त क, म, ल आणि काना. एवढ्यावर काका, मामा, लाल, काल, कमळ नाही तरी कमल, आणि चक्क वाक्य: ‘काका, मला मका!’ आपण वाचलं, हे मुलाला इथे कळतं. बालवाडीत मी हीच रीत निवडेन.

तक्ता टाकाऊ नाही. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे, शब्दकोश पाहतानाही तो लागतो; पण ते वयाच्या सहा-सात वर्षांनंतर. घरी त्याऐवजी डब्यांवर ‘मका’, ‘डाळ’ अशा चिठ्ठ्या लावा आणि रात्री गोष्ट वाचताना शब्दांखालून बोट फिरवा. लिहायची घाई मात्र नको, चार वर्षांच्या बोटांना पेन्सिलपेक्षा कणकेचा गोळा बरा.