'विलफुल'चा अर्थ बघायला ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी कितपत उपयोगी?

इंग्रजी शब्दाला मराठीतला एकच शब्द जोडून मोकळं व्हायचं, अशा सवयीने 'विलफुल' म्हणजे 'हट्टी' ठरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 'विलफुल डॅमेज'चं मग 'हट्टी नुकसान' होतं. ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची मोफत वेबसाइट हा घोळ बऱ्यापैकी निस्तरते.

तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शब्द नापसंती दाखवतो, ही सूचना. पुढे दोन अर्थ वेगळे केले आहेत. पहिला कृतीचा: चुकीचं आहे हे ठाऊक असून मुद्दाम केलेलं. या अर्थाने शब्द बहुधा नामाआधी येतो. दुसरा स्वभावाचा: दुसऱ्यांची पर्वा न करता आपलंच खरं करणारा. जोडीला 'हेडस्ट्राँग' हा समानार्थी शब्द.

ती नापसंतीची सूचना मराठी माणसाने वगळूच नये. आपल्याकडे जिद्दीचं कौतुक होतं, हट्ट लाडाचाही असतो, हेका मात्र वाईटच. 'विलफुल' हेक्याच्या बाजूचा आहे. शिफारसपत्रात 'जिद्दी विद्यार्थिनी' या अर्थी तो लिहिलात तर ती तक्रार ठरेल. तिथे 'डिटरमिन्ड' किंवा 'टेनेशियस' हवा. 'स्टबर्न' कपड्यावरच्या डागालाही चालतो, न जाणाऱ्या खोकल्यालाही. 'विलफुल' तिथे चालत नाही, कारण त्यात हेतू लागतो आणि डागाला हेतू नसतो.

उच्चारासाठी ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन बटणं आहेत, दोन्ही ऐकाच. शेवटी ठसठशीत 'फुल' नाही, 'विल्फ्ल' असं काहीसं आहे. स्पेलिंगमध्ये 'विल'चा 'एल' ब्रिटिश पद्धतीत एक, अमेरिकनमध्ये दोन. शब्दाच्या शेवटी मात्र दोन्हीकडे एकच. 'विलफुली' लिहिताना 'वाय'आधी दोन 'एल' येतात, आणि तेच बघून मूळ शब्दाच्या शेवटीही दोन लावले जातात.

ही डिक्शनरी कमी पडते ती कायद्याच्या आणि बँकेच्या भाषेत. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम २(ब) मध्ये न्यायालयाच्या आदेशाची 'विलफुल' अवज्ञा हा दिवाणी अवमान ठरतो. म्हणजे आदेश माहीत असून तो जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा 'विलफुल डिफॉल्टर' तर आणखी नेमका आहे. थकबाकी २५ लाख रुपये किंवा अधिक, आणि ऐपत असून न फेडणं, कर्जाचा पैसा भलतीकडे वळवणं किंवा तारण बँकेच्या मंजुरीशिवाय विकणं, असं काही त्यात असावं लागतं. धंदा बुडाला म्हणून हप्ते थकले, एवढ्याने कुणी त्यात बसत नाही. कराराचा किंवा नोटिशीचा अनुवाद करणाऱ्याने हा फरक शब्दकोशावर सोडू नये, मूळ व्याख्याच उघडावी. मराठीत 'हेतुपुरस्सर' किंवा 'जाणूनबुजून' घ्यावा.

वेबसाइटवर मराठी अर्थ नाहीत आणि जाहिराती मध्ये मध्ये येतात. व्याख्यांची इंग्रजी मात्र खरोखर सोपी आहे, दहावीच्या मुलांना सहज झेपेल. मराठी प्रतिशब्दासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा शब्दकोश, १८५७ ची आवृत्ती, शेजारी उघडून ठेवावा. तो मराठी-इंग्रजी असला तरी इंग्रजी अर्थांच्या मजकुरातही शोध लावता येतो. 'ऑब्स्टिनेट' टाकून उलट्या दिशेने मराठी शब्द हुडकता येतात.