खुली गोलचर्चा की निनावी चिठ्ठ्या?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी, म्हणजे ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात त्या विषयावर, कार्यशाळा घेणे २०१३ च्या कायद्याने नियोक्त्यावर बंधनकारक असले, तरी त्या दोन तासांत माणसांना बोलते कसे करायचे हे शेवटी अंतर्गत समितीलाच, म्हणजे अशा तक्रारी ऐकण्यासाठी त्याच ठिकाणी नेमलेल्या समितीलाच, ठरवावे लागते. सर्वांना गोल बसवून खुली चर्चा घेणे आणि निनावी चिठ्ठ्यांवरून चर्चा घेणे, असे दोन्ही मार्ग मी चाकणकडच्या कारखान्यांत व पुण्यातील कार्यालयांत वापरले आहेत. मोबाईलवरील मतदानाचा विचार येथे केलेला नाही, कारण जिथे फोन गेटवरच जमा होतात तिथे त्याचा उपयोग नाही.

खुल्या चर्चेत शंकेचे निरसन जागच्या जागी होते. शिवाय एखाद्या ज्येष्ठ सुपरवायझरने ‘असले विनोद मी ऐकून घ्यायला नको होते’ असे चारचौघांत म्हटले, तर त्याचे वजन कोणत्याही चिठ्ठीला येणार नाही.

तरीही एका गोष्टीमुळे माझे मन या पद्धतीवरून उडाले. विषय निघताच सगळ्यांच्या माना विभागातील एकुलत्या एक बाईंकडे वळतात आणि कोणीतरी, अगदी चांगल्या हेतूने, म्हणतो, ‘मॅडम, तुम्हीच सांगा ना, आपल्याकडे काही त्रास आहे का?’ साहेब समोर बसलेले असताना ‘नाही हो, घरच्यासारखे वातावरण आहे’ याखेरीज त्या काय म्हणणार? ते उत्तर इतिवृत्तात जाते, आणि पुढे खरोखर तक्रार करायची वेळ आलीच तर हेच वाक्य त्यांच्या आड येण्याची भीती असते.

चिठ्ठ्यांमुळे हे टळते, मात्र निनावीपणा सांभाळावा लागतो. कागद एकाच मापाचे आणि पेने एकाच रंगाची असावीत; ज्यांना काही सांगायचे नाही त्यांनीही फळ्यावरचे एखादे वाक्य उतरवून काढावे, म्हणजे कोणाचे पेन चालले यावरून तर्क लढवले जात नाहीत. चिठ्ठ्या कार्यशाळा घेणाऱ्यानेच वाचाव्यात, कारण शेजारच्या टेबलावरचे अक्षर सगळ्यांना ओळखता येते. एखाद्या चिठ्ठीत कोणाचे नाव आले असेल, तर ती वाचून न दाखवता बाजूला ठेवावी. अशी चिठ्ठी म्हणजे तक्रार नव्हे, तक्रार स्वतःच्या नावाने लेखी आणि सर्वसाधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत समितीकडे द्यावी लागते, हे आरंभीच स्पष्ट करावे.

या पद्धतीची उणीव वेगळी आहे. कंत्राटी कामगारही या कायद्याच्या कक्षेत येतात, परंतु लिहिण्याची सवय नसलेल्या सफाईच्या मावशींच्या हाती कोरा कागद देणे म्हणजे त्यांना गप्प बसवणेच होय. त्यांच्यासाठी मी लहान लहान प्रसंग वाचून दाखवतो आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ यासाठी दोन रंगांचे बिल्ले झाकणाच्या डब्यात टाकायला देतो. हा उपाय पुरेसा नाही, पण डबा उघडल्यावर साहेबांचा अंदाज बहुधा चुकलेला असतो.

आठ-दहा जणांच्या जुन्या कार्यालयात चिठ्ठी कोणाची हे लपणारच नसेल, तर खुली चर्चाच बरी. फक्त तिचा पहिला भाग वरिष्ठांना बाहेर ठेवून घ्यावा. त्याहून मोठा गट असेल तर मी चिठ्ठ्यांचा डबा घेऊन जाण्यास सुचवीन, आणि खुली चर्चा चिठ्ठ्यांतून आलेल्या प्रश्नांवर नंतर होऊ द्यावी.