दोन बिलं, एक इंजेक्शन: दारू सोडण्याच्या उपचारांचा नऊ महिन्यांचा अनुभव

मेडिक्लेम नाकारल्याचं पत्र परवा आलं. ते लावायला फाईल काढली आणि दोन्ही दवाखान्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवली. पहिलं दोन दिवसांचं, दुसरं नऊ दिवसांचं. दुसऱ्या बिलात तिसऱ्या ओळीवर ‘थायमिन इंजेक्शन’ आहे, अख्ख्या बिलातली सगळ्यात स्वस्त ओळ. पहिल्या बिलात ती ओळच नाही. नऊ महिने झाले तरी माझा राग त्या एका ओळीपाशी अडकलेला आहे, म्हणून लिहायला बसले.

ह्यांची दारू बारा वर्षांची. शेवटची तीन वर्षं रोजची, आणि सकाळी चहाआधी दोन घोट पोटात गेल्याशिवाय हात स्थिर होत नसत. मागच्या वर्षी गटारी झाली आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी सासूबाईंसमोर हे म्हणाले, "आता महिनाभर थेंब नाही." घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही. श्रावण पाळायचा म्हणजे एकदम बंद, एवढंच आम्हाला ठाऊक. रोज पिणाऱ्या माणसाने असं एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुपारपासून कंप, घाम, उलट्या. दुसऱ्या दिवशी पहाटे फिट आली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. दारू मेंदूला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला असला की मेंदू ॲक्सिलरेटरही तेवढाच दाबून ठेवायला शिकतो. दारू थांबली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर तसाच राहतो. कंप साधारण सहा-आठ तासांत सुरू होतो, फिट येणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या 48 तासांत, आणि भास होऊन माणूस भ्रमिष्ट होण्याची अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. म्हणजे घरचे ‘निभावलं बाई एकदाचं’ म्हणतात, नेमकं तेव्हा.

आम्ही जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. दारूचा पेशंट म्हटल्यावर कोपऱ्यातली खाट मिळाली. ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या, झोपेचं एक इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी घरी पाठवलं. घरी आल्यावर हे बोटीत चालल्यासारखे चालायला लागले. बुबुळं थरथरत होती. मला ओळखलं, पण मुलगी कितवीत आहे ते सांगता येईना. फोन केला तर म्हणे, "अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या."

माझे दीर रात्री आले, एकदाच बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, पिशवी भरा." मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मुलीने चाल बघितली, डोळे बघितले आणि विचारलं, "बी-वन दिलं होतं का?" मी फाईल पुढे केली. तिने दोन्ही पानं उलटली आणि लगेच सिस्टरना हाक मारली.

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-वन. फार पिणाऱ्याचं जेवण धड नसतं, जे पोटात जातं त्यातलं बी-वनही नीट शोषलं जात नाही. साखर जाळायला मेंदूला ते लागतं. ते शरीरात उरलेलं नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं, आणि माणूस गोंधळतो, तोल जातो, डोळे हलतात. वेळेत भरून काढलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बी-वन आधी किंवा निदान ग्लुकोजबरोबर, आणि सुरुवातीला शिरेतून किंवा स्नायूत, नुसत्या गोळीवर नाही.

इथे मला माझं एक मत बदलावं लागलं. दोन महिने मी सांगत सुटले होते की त्या बाटल्यांनीच हे केलं. डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, टंचाई बारा वर्षांची आहे, आणि रक्तातली साखर उतरली असेल तर ग्लुकोज अडवूनही चालत नाही. पटलं. पण ते इंजेक्शन न देण्याला ह्यातलं एकही कारण लागू पडत नाही.

दुसऱ्या रुग्णालयातली एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. सिस्टर दर थोड्या तासांनी तक्ता घेऊन यायच्या. "दादा, हात पुढे करा, बोटं फाका." बोटांची थरथर बघायची, कपाळाचा घाम बघायचा, अंगावर मुंग्या फिरतात का, उजेड टोचतो का, आज वार कोणता, असं करत दहा गोष्टींचे गुण मांडायचे. एकूण 67. गुण चढले की औषध जास्त, उतरले की कमी. मेंदू शांत करणाऱ्या औषधांपैकी लोराझेपाम दिलं, कारण लिव्हरचे आकडे वाईट होते. लिव्हर ठीक असेल तर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड देतात. ही औषधंही स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत, त्यांचीही सवय लागते, म्हणून आठवडाभरात उतरवत बंद केली. पाचव्या दिवशी ह्यांनी पुढे केलेली बोटं थरथरली नाहीत. सिस्टरनी तक्त्यावर शून्य लिहिलं आणि तक्ता माझ्याकडे वळवून दाखवला.

घरी आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. ते चुकलं. ते नऊ दिवस म्हणजे फक्त शरीरातून दारू उतरवणं. पुढचा महिना हे व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. महाराष्ट्रात ही वाट पुण्याच्या मुक्तांगणने रुळवली. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते. आमचं केंद्र दुसरं, साधं. सकाळी प्रार्थना, दिवसभर गटचर्चा. आठवड्यातून एकदा आम्हा बायकांची बैठक असायची, तिथे मी पहिले दोन आठवडे फक्त रडले. माझ्यापुरतं म्हणाल तर सगळ्या खर्चात तीच जागा सर्वांत कामाची ठरली.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी स्वतःला फसवून घेतलं. डायसल्फिराम हीच खरी गोळी, असं धरून चालले होते, कारण ती घेऊन दारू प्यायली की तोंड लाल होतं, धडधडतं, उलट्या होतात. डॉक्टरांनी लिव्हर बघून नकार दिला, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. बैठकीत एका ताईंनी सांगितलं की त्यांनी ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशी भिंतीवरची जाहिरात बघून पावडर आणली आणि आमटीतून दिली. नवरा आयसीयूत गेला. आत काय होतं ते कुणालाच माहीत नाही. न सांगता काहीही देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. ह्यांना दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट दिलं, सहा गोळ्या रोज, दोन-दोन करून तीन वेळा. ती लिव्हरवर भार टाकत नाही, किडनीची तपासणी मात्र लागते. महाग पडते आणि दुपारच्या गोळ्या विसरतात, ही माझी तक्रार आहे.

विसरल्याच. पाचव्या महिन्यात गोळ्या बंद होत्या, चुलतभावाच्या हळदीला हे प्यायले आणि सलग चार दिवस प्यायले. मी सगळे पैसे पाण्यात गेले म्हणून ओरडले. पण ह्या वेळी हे स्वतःच म्हणाले, "घरी बंद करत नाही, मला दवाखान्यात ने." तीन दिवसांत बाहेर आले, आणि बी-वन पहिल्या तासात दिलं होतं. मी विचारून घेतलं. तेव्हापासून ह्यांचा डॉक्टरांकडचा फेरा चुकलेला नाही, आणि गुरुवारी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जातात, तिथे फी नाही. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, तीही फुकट.

आता ते पत्र. कंपनी म्हणते, मद्यपानाचा उपचार पॉलिसीतून वगळलेला आहे. पॉलिसीत तसं छापलंय, खरं आहे. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारूशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि कलम 21 म्हणतं की मानसिक आजाराला विमा शारीरिक आजाराइतकाच द्यायचा. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? कंपनीच्या तक्रार विभागाला सोमवारी पत्र टाकते आहे, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे. दुसऱ्या बिलाची झेरॉक्स जोडली आहे, तिसऱ्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून. तुमच्यापैकी कुणाचा असा क्लेम मंजूर झाला असेल तर कोणत्या मुद्द्यावर झाला तेवढं सांगा.