क्यूजीआयएसवर गोदावरीचं नायट्रेट मॉडेल: फुकट आहे, भारी आहे, पण तो थ्रेशोल्ड!

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर पावसाळ्याआधीपासून वापरतेय. त्र्यंबकपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत गोदावरी, दारणा, कादवा आणि ओढे-नाले धरून खत-सांडपाण्यातलं नायट्रेट वाटेत कुठे किती जिरतं ते काढायचं होतं. लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरचं कोटेशन बघूनच ते बंद केलं, त्यामुळे पैशाच्या बाबतीत तक्रार शून्य.

इन्स्टॉल, लेअर वगैरे तुम्हाला माहितीये. डोकं फिरवलं ते थ्रेशोल्डने, म्हणजे किती सेलचं (नकाशातल्या चौकोनांचं) पाणी एकत्र आलं की ओढा धरायचा तो आकडा. एसआरटीएमचा (उपग्रहासारखा वरून मोजलेला) 30 मीटरचा डेम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा घेतला, आर.वॉटरशेड या ओढे काढणाऱ्या टूलमध्ये 10,000 सेल टाकले. हिशोब करा, एक सेल 900 चौरस मीटर, म्हणजे 9 चौरस किलोमीटरचं पाणलोट जमेपर्यंत ओढा उमटतच नाही. द्राक्षबागांच्या बांधाकडेचे नाले सगळे गायब! आणि नायट्रेट जिरवायला खरी जागा तीच, कारण पाणी उथळ, तळाच्या गाळाला जास्त लागतं, आणि गाळात ऑक्सिजन नसला की जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. नाले पुसले की मॉडेलमध्ये खत थेट मोठ्या नदीत, मग जिरणार कुठे?

1,000 करून बघितलं. नाले आले, पण निफाडच्या सपाटीवर खोट्या रेघांचा नुसता गुंता, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात तर पट्टीने मारल्यासारख्या सरळ रेघा. त्र्यंबकला धो धो पाऊस, निफाडला त्यामानाने किती कमी, दोन्हीकडे एकच आकडा चालेलच कसा?

तेव्हा दोनच स्टार देणार होते. मग सर्वे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे उतरवले (तेही फुकट), ओढे हाताने गिरवून डेममध्ये कोरले (म्हणजे त्या रेघेवरची उंची कमी केली), वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वेगळा थ्रेशोल्ड दिला आणि नाले जागेवर बसले. पुढचं क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरने (तक्त्यावर गणित करायचं टूल) केलं, प्रवाहाला पात्राच्या लांबी-रुंदीने भागायचं, त्यावरून त्या तुकड्यात किती टक्के नायट्रेट घटतं ते काढायचं आणि उगमाकडून खाली उतरत जायचं. नासर्डी नदीतून येणारं नाशिक शहराचं सांडपाणी पॉइंट सोर्स (एकाच जागी येऊन मिळणारं प्रदूषण) म्हणून वेगळं टाकलं. एवढं सगळं फुकटात होतं हे बघून खरंच आनंद झाला.

आता चार स्टार. पाचवा थ्रेशोल्डने खाल्ला, आणि तुमच्यापैकी कोणीही अशा मॉडेलचा नकाशा टाकलात तर कोपऱ्यात तो आकडा लिहाच, नाहीतर टक्केवारीला अर्थ नाही.

कालवे अजून राहिलेत. नांदूर मध्यमेश्वरहून डावा-उजवा कालवा पाणी उचलून नेतो आणि डेमला फक्त उतार कळतो. कोणी बसवले असतील तर कसे ते कळवा.